कायोटी शांत बसावी म्हणून

२ एप्रिल
रायफल आली. निश्चय: यंदा एकही कोकरू जाणार नाही.
गेल्या वसंतात कायोटींनी, म्हणजे आमच्याकडच्या या लहान लांडग्यांनी, अकरा नेली. यंदाही तसंच झालं तर माझी बायको व्हर्ना कळप विकणार. कळप तिच्या वडिलांचा. हे सांगताना तिने आवाज चढवला नाही, म्हणजे ती विकणारच.
माझं निदान असं: कायोटी रोज सकाळी समोरच्या टेकाडावर येऊन बसते. सहाशे बारा यार्ड, लेझरने तीनदा मोजलंय. एवढ्या लांबून या खोऱ्यात कोणी नेम धरत नाही. तिला हे माहीत आहे. मी धरणार, हे तिला माहीत नाही.

५ एप्रिल
रायफलवर दुर्बीण बसवली. बहुतेक लोक स्क्रू अंदाजाने आवळतात आणि पुढे आयुष्यभर रायफलला शिव्या देतात. मी मापाच्या पान्याने आवळले. दुपारी पुन्हा पाणसळ लावून पाहिली, दुर्बीण केसभर कलती. सगळं सोडलं, पुन्हा आवळलं.
व्हर्नाचा भाऊ डेलबर्ट वेल्डिंगचं मशीन न्यायला आला होता. दारात उभा राहून बघत राहिला. म्हणाला, "प्रोफेसर, दुर्बीण बसवतोयस की नवरीला नटवतोयस?"
स्क्रू आवळत राहिलो. त्याच्या रायफलला टेप गुंडाळलेली आहे.

९ एप्रिल
शंभर यार्डांवर पाच गोळ्या. पाचही भोकं पंचवीस सेंटच्या एका नाण्याखाली झाकली गेली. कोणाकडे शिकायला गेलो नाही, सगळं स्वतः वाचून.
तो पुठ्ठा फ्रिजवर लावला. व्हर्नाने त्याच्या कोपऱ्यात मेंढ्यांच्या लसीची तारीख लिहिली.

१४ एप्रिल, सकाळ
पहिली संधी. कायोटी टेकाडावर. अंतर घेतलं, वारा मोजला, थंडी मोजली, नेम किती वर धरायचा त्याचा तक्ता उघडला, दुर्बिणीची चकती क्लिक मोजून फिरवली, श्वास अर्धा सोडला, बोट ट्रिगरवर ठेवलं. आणि मूस भुंकला. कायोटी उठली, अंग झाडलं, गेली.
मूस म्हणजे आमचा राखणीचा कुत्रा. पांढरा, वासराएवढा, मेंढ्यांतच जन्मला आणि मेंढ्यांतच झोपतो. नेमबाजीची जाण शून्य.

१६ एप्रिल
पुन्हा तेच. मला तयारीला चार मिनिटं लागतात, मूस कायोटीला तीनसुद्धा बसू देत नाही. दोष रायफलचा नाही.

१७ एप्रिल
निर्णय घेतला. मूसला डेलबर्टकडे पोचवलं. कायोटी शांत बसली तरच काम नीट होणार, हे कोणालाही पटेल.
व्हर्नाने विचारलं, कुत्रा कुठाय? म्हटलं, डेलबर्टच्या टर्कींना कोल्हा छळतोय, तेव्हा थोडे दिवस दिलाय. ती म्हणाली, "मेंढ्या व्यायला लागल्यात. आत्ताच सुचलं?"

२० एप्रिल
छान शांतता. टेकाडावर मात्र कायोटी नाही. बहुधा शांततेची सवय होतेय तिला. उद्या बसेल.

२१ एप्रिल
एक कोकरू गेलं. टेकाडावर कोणीही बसलेलं नव्हतं. मी सबंध सकाळ तिथेच रोखून होतो, तेव्हा खात्रीने सांगू शकतो.

२४ एप्रिल
आणखी दोन. ओढ्याकडून आली असावी. ओढा माझ्या तक्त्यात नाही.
निश्चय: तक्ता वाढवणे.

२७ एप्रिल
हे नीट लिहून ठेवतो, म्हणजे गैरसमज व्हायला नको.
सकाळी पोटावर पडून टेकाडाकडे रोखलेलं. मागे मेंढ्या ओरडल्या. वळलो. कायोटी गोठ्याच्या कुंपणापाशी, मी दगड मारला असता तर लागला असता. रायफल वळवायला वेळ लागला. स्टँड, दुर्बीण, पाणसळ धरून तिचं वजन कोकरापेक्षा जास्त. डोळा लावला. दुर्बीण सहाशे यार्डांसाठी पूर्ण झूम केलेली, त्यामुळे दिसले फक्त केस. फार सुरेख दिसले, एकेक वेगळा. पण कायोटीचे की मेंढीचे ते कळेना. झूम कमी करेपर्यंत फक्त कुंपण दिसायला लागलं.
गोळी झाडली नाही. याला संयम म्हणतात.

२८ एप्रिल
काल गेलं ते कोकरू बाटलीच्या दुधावरचं होतं. आईने टाकलेलं, व्हर्नाने स्टोव्हपाशी खोक्यात वाढवलेलं. परवाच बाहेर सोडलं होतं. आज तिने बाटली धुतली आणि ओट्यावर पालथी घातली. जेवताना ती बाटली आम्हा दोघांच्या मधे होती.
तक्ता वाढवला नाही.

३० एप्रिल
डेलबर्टने बहिणीला फोनवर सगळं सांगून टाकलं. तो आधीपासूनच पोटात काही ठेवू न शकणारा.
व्हर्ना गोठ्यात आली. म्हणाली, "मला नीट कळू दे. कायोटीला आराम मिळावा म्हणून तू कुत्रा घालवलास?"
मी क्लिक आणि वारा समजावून सांगायला सुरुवात केली. ती आत गेली आणि ट्रकवाल्याला फोन लावला. गुरुवारी मेंढ्या न्यायला येणार.
ती पोरगी असताना याच कळपामागे घोड्यावरून फिरायची. तो फोटो जिन्यात आहे. आज जिना चढलो नाही, कोचावर आडवा झालो.

१ मे
डेलबर्टकडे गेलो. कुत्रा परत दे म्हटलं. तो म्हणाला, "वा रे! बायकोच्या सगळ्या टर्की त्याच्या पोटाशी झोपतात. आता नाही देत." मी चक्क हात जोडले. हे इथे लिहितोय, पण लक्षात ठेवायचं नाही.
त्याने विचार केला. म्हणाला, "रायफल दे."
मी म्हटलं, निदान दुर्बीण कशी बसवलीय ते तरी समजून घे.
"दुर्बीण काढून घेऊन जा, प्रोफेसर. मला दिसतं."
स्क्रू सोडवायला बराच वेळ लागला. फार पक्के बसवले होते.

२ मे
मूस घरी. पिकअपमधून उतरला, माझ्या शेजारून सरळ मेंढ्यांत गेला आणि एकेकीचा वास घेतला. कुंपणापाशी बाटलीवरचं कोकरू गेलं ती जागा त्याने जास्त वेळ हुंगली.
व्हर्नाने ट्रकवाल्याला सांगितलं, एक आठवडा थांब.

९ मे, सकाळ
एकही कोकरू गेलं नाही. व्हर्नाने ट्रकवाल्याला नको म्हणून कळवलं. आज कॉफी दोन कप केली.
दुर्बीण स्वयंपाकघराच्या खिडकीत बसवलीय, पाणसळ लावून. कुठली मेंढी व्यायला आलीय ते व्हर्नाला ओट्यापाशी उभं राहून दिसावं म्हणून. तिला उपयोगी वाटते.
आत्ता टेकाडावर कायोटी आहे. सहाशे बारा यार्ड. वारा अजिबात नाही. मूस कळपापुढे आडवा पडून तिच्याकडे बघतोय, भुंकत नाही. त्याला बघून ती पुढे येत नाही आणि उठतही नाही. चार मिनिटं झाली. दहा झाली. इतकी शांत ती कधीच बसली नव्हती.
व्हर्नाने मागून विचारलं, काय दिसतंय?
म्हटलं, काही नाही.
"मग कोकरं मोज."
मोजली. सगळी आहेत.