जे बावीस, तपशील नाही

दि. ४ जानेवारी

चि. ठकीस आजीचे अनेक आशीर्वाद.

खोकते आहे, पण जिवंत आहे. पत्र त्यासाठी नाही. तू इस्पितळाच्या कागदांवर आजारांचे आकडे घालतेस ना, मग एक काम कर.

माझी धाकटी जाऊ आणि मी एकाच दिवशी एकाच डॉक्टरकडे गेलो. तिच्या कागदावर न्यूमोनिया, जंतूचं नावसुद्धा, आणि आकडा इंग्रजी जे, पुढे तेरा. माझ्या कागदावर जे बावीस. मला वाटलं बावीस मोठा, म्हणून दोन दिवस मिरवलं. मग कंपाउंडर दात काढत म्हणाला, बावीस म्हणजे छातीत काहीतरी झालंय, काय ते लिहिलेलं नाही.

आता ती वॉर्डात खिडकीजवळ पडून आहे, दोन्ही सुना पाय चेपताहेत, तुझा बापही फळं घेऊन रोज तिच्याकडेच. मला घरी एक बाटली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं ते दुखणं आणि माझे ते नखरे. माझा आकडा बदल. तेरा नको, तिचा उष्टा. तिच्या एक पाऊल पुढचा, बारा दे.

माया आहेच, पण काम आधी.

तुझी आजी

दि. ८ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. मनाने आकडा बदलला तर माझी नोकरी जाईल, आणि घरच्यांच्या कागदाला तर आम्ही हातही लावत नाही. मोठ्या श्वासनळ्या सुजल्या तर वीस, अगदी बारीक सुजल्या तर एकवीस. फुप्फुसातच उतरलं तर न्यूमोनिया, त्याचे बारा ते अठरा. यातलं डॉक्टरांनी काहीच लिहिलं नसेल तर बावीस. म्हणजे तुझा आजार लहान नाही गं, तो नीट पाहिलेलाच नाही. बाबा म्हणाले, तू छातीचा फोटो काढू दिला नाहीस. ताप किती दिवस आहे? जिना चढताना धाप लागते का? मला नको, डॉक्टरांना सांग. उद्याच.

तुझा राग चालेल, पण तू हवीस.

तुझी ठकी

दि. १२ जानेवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

वॉर्डातून लिहिते. फोटो काढला. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसतोय. न्यूमोनियाच! पण आकडा अठरा, जंतू अजून कळायचाय, थुंकी तपासायला दिलीय. इथेही धाकटीच पुढे. डॉक्टर ओरडले, दहा दिवस ताप अंगावर काढलात, आणखी दोन दिवस काढले असते तर हाती लागला नसतात. मी म्हटलं, तुम्ही विचारलंत कुठे? ते म्हणाले, विचारलं होतं, तुम्हीच नुसता खोकला म्हणालात. खरं आहे. त्या दिवशी ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिच्यादेखत धाप लागते म्हणायचं? जीव गेला असता तरी म्हटलं नसतं.

आज सगळं सांगितलं. ताप, धाप, बसूनच झोपते तेही. धाकटी ऐकत होती. सुई टोचलेला हात सांभाळत उठून आली आणि म्हणाली, एवढं होत होतं तर मला का नाही सांगितलंत, जाऊबाई? मी म्हटलं, तुलाच तर सांगायचं नव्हतं. तर ती माझ्याच पलंगावर बसली. अजून बसलीय, माझ्या तोंडावर खोकतेय. अंगात बळ आलं की हाकलीन.

तुझा लोभ मात्र तिच्यापेक्षा माझ्यावर बोटभर जास्त राहू दे.

तुझी आजी