बिनपगारी रजेवर

४ मार्च, मंगळवार

आज सकाळी यांना विचारलं, "माझा पासपोर्ट कुठेय?" हे म्हणाले, "तुला कशाला हवाय?" आणि डबा उचलून कामावर गेले. म्हणून लिहायला बसले आहे. इथे बोलायला माणूस नाही, आणि मनात ठेवलं की मी भांडी आपटते. आत्ताच एका कपाचा कान गेला.

कशाला हवाय म्हणे! माझा आहे म्हणून हवाय. आल्या दिवशी यांच्याच हातात दिला होता.

एकदा नीट लिहून काढते, म्हणजे डोकं जागेवर येईल. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. हे इथे परदेशात एका कंपनीत फोरमन, मी तिकडे गावाच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत. वर्षाकाठी एक महिना हे रजेवर यायचे, तेवढाच संसार. बाकी सगळा फोनवर. गेल्या वर्षी लेकीचं लग्न झालं आणि जो तो माझ्या मागे लागला — आता कशासाठी थांबलीस? जा नवऱ्याकडे! मी बिनपगारी रजा टाकली. राजीनामा दिला नाही. रजा ३१ मेपर्यंत. १ जूनला, रविवार असला तरी, मस्टरवर सही झाली नाही तर जागा गेली. निवृत्तीला थोडी वर्षं उरलीत, ती मला माझ्या टेबलाशी काढायची आहेत. निघण्याआधी हे सगळं यांना सांगितलं होतं. हे म्हणाले होते, "बघू." मी त्याला होकार समजले. बी.एस्सी. होऊन काय उपयोग!

६ मार्च, गुरुवार

नणंदेचा फोन. "वहिनी, नशीब काढलंस हो! लाइट जात नाही, पाणी चोवीस तास, धूळ नाही, डास नाहीत. आम्ही बसलोय इथे बादल्या भरत."

खरं आहे. खोटं कशाला बोलू? पाणी उत्तम. क्लोरीन जरा सढळ हाताने घालतात, पण गढूळपणा शून्य. लिफ्टमध्ये कोणी थुंकलेलं नाही. सोमवारी पुसलेलं टेबल गुरुवारी तसंच चकचकीत. मग गुरुवारी मी काय करायचं, ते नणंदबाईंनी सांगावं.

खिडकी उघडत नाही. अडकलीय असं वाटून पहिल्या आठवड्यात मी उलथन्याने खटाटोप केला. हे हसले. "अगं, ती उघडायची नसतेच. काच बसवलेली आहे नुसती." उघडायची नाही तर खिडकी म्हणता कशाला? भिंत म्हणा!

तिकडे मी जिन्याला शिव्या घालायचे, बसला घालायचे, नगरसेवकाच्या फोनला घालायचे — "मॅडम, आमच्या वॉर्डात पाणी पिवळं येतंय, तुम्ही झोपलात काय?" इथे माझ्यावर ओरडायला कोणी मोकळं नाही.

९ मार्च, रविवार

चालत दुकानापर्यंत जायचं ठरवलं. दुकान वरून दिसतं. हे आंघोळीला गेले तशी निघाले. वसाहतीच्या फाटकाबाहेर थेट मोठा रस्ता. पायवाट नाही, ओलांडायला जागा नाही, गाड्या अंगावर आल्यासारख्या. पहारेकऱ्याने हात आडवा केला. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला. त्याने हाताने स्टिअरिंग फिरवून दाखवलं, गाडी कुठेय? मी दोन बोटं तळहातावर चालवून दाखवली. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. खूप हसला बिचारा, आणि मला परत पाठवलं.

घरी आले तर हे टॉवेल गुंडाळून दारात. "कुठे गेली होतीस?"

"फाटकापर्यंत."

"सांगायचं ना! मी नेलं असतं गाडीतून."

फाटकापर्यंत गाडीतून!

१३ मार्च

आज एक गोष्ट डोळ्यांत भरली. हे आंघोळीला जाताना कपाटाचं कुलूप काढतात, आतून साबणाची डबी घेतात, आंघोळ झाली की डबी पुसून पुन्हा कपाटात, आणि कुलूप. स्वतःच्या घरात! चहाच्या कपाच्या बुडावर रंगाने स्वतःचं नाव घातलंय. पाकीट उशीखाली. जेवण झालं की ताट धुऊन, पुसून, आपलं आपल्या जागेवर.

माझ्यापासून लपवतात काय? मी साबण खाणार आहे?

विचारलंच. क्षणभर त्यांना कळेचना मी कशाबद्दल बोलते आहे. मग हातातल्या डबीकडे बघितलं. म्हणाले, "सवय गं. एका खोलीत आठजण असायचो. साबण बाहेर राहिला की संपलाच."

आठजण? मला तर फोनवर नेहमी सांगायचे, "खोली ऐसपैस आहे, काळजी करू नकोस." हे घर माझ्यासाठी कंपनीकडून घेतलंय, मी येणार म्हणून.

तरी साबण कपाटातच गेला.

१८ मार्च, मंगळवार

गंमतच आहे. जेवणाच्या सुट्टीत कामावरून यांचा फोन येतो. सव्वीस वर्षांचा नेम, मी आता घरातच आले तरी चुकत नाही. आणि फोनवर हे वेगळेच! "काय केमिस्टबाई, आज काय शिजवलं? भाजीत मीठ मोजून घातलंत की अंदाजे?" खो-खो हसतात. सुपरवायझरची नक्कल करून दाखवतात. मीही बोलत सुटते. सहाला घरी येतात, बूट काढतात, आणि "दमलो" एवढा एकच शब्द. समोरासमोर बसलो की दोघंही पाहुण्यांसारखे. मी "चहा?" म्हणते. हे "चालेल" म्हणतात. संपला संवाद.

२ एप्रिल

प्रयोगशाळेतल्या माझ्या असिस्टंटचा फोन. धरण तळाला गेलंय, पाण्याला वास मारतो, तुरटीचा डोस लागू पडत नाही. "मॅडम, जार टेस्टच्या भांड्यात गाळ खाली बसतच नाहीये हो!"

म्हटलं, "ढवळतेस किती जोरात?"

"नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे वरण घोटल्यासारखं. आधी जोरात, मग अगदी हळू. बाळाला झोका देतेस तसं. कण एकमेकांना चिकटायला वेळ नको?"

अर्ध्या तासाने पुन्हा फोन. "बसला, मॅडम, बसला!" तिच्यामागे शिपाईसुद्धा ओरडत होता. मी इथे ओट्याशी उभी, हातात फडकं, आणि तोंडभर हसू. मग ती हळूच म्हणाली, "एक जूनला येताय ना नक्की? तुमच्या खुर्चीकडे इथे दोघं-तिघं डोळे लावून बसलेत. साहेब तर म्हणतात, बाई आता परदेशातल्या झाल्या."

येते म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले कोण जाणे.

३ एप्रिल

"अहो, पासपोर्ट."

"आहे गं सुरक्षित."

"कुठे?"

"आहे."

"कपाटात?"

"नाही."

"मग कुठे? जमिनीत पुरलाय?"

टीव्हीचा आवाज वाढवला.

८ एप्रिल

हे कामावर गेल्यावर किल्ली शोधली. घड्याळामागे सापडली. कपाट उघडलं. पासपोर्ट नाही. साबण आहे.

लाज वाटली. पण किल्ली जागेवर ठेवली आणि यांना काही बोलले नाही. आता मीही लपवते आहे. चांगलीच शिकवण मिळाली परदेशात.

लेकीला सगळं सांगायचं ठरवून फोन लावला. तिने आधीच सुरुवात केली, "आई, बाबा किती खूश असतील गं! माझी काळजीच मिटली." मी म्हटलं, "हो, मजेत आहोत." तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

१७ एप्रिल, गुरुवार

तळमजल्यावर कपडे धुवायची खोली आहे, यंत्रांची. तिथे आपली भाषा कानावर पडली! एक बाई, आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, नवरा वेल्डर. मास्तराची मास्तरीण, तशी मी मनातल्या मनात तिला वेल्डरीण करून टाकली. बोलकी आहे. पहिल्या पाच मिनिटांत तिच्या सासूचे गुडघेसुद्धा मला पाठ झाले.

मी सहज म्हटलं, "तुमचा पासपोर्ट तुमच्याजवळ असतो?"

ती थांबली. हातातली चादर तशीच. "ताई, कुठल्या जगात आहात तुम्ही? कुणाच्याच घरात नसतो. कंपनीच्या तिजोरीत असतात सगळ्यांचे. भावजींचा तर आल्या दिवसापासून तिथेच असेल."

"आणि माझा?"

"बायकोला आणायचं तर तिचाही ठेवून घेतात. त्याशिवाय घर देत नाहीत. बोलले नाहीत भावजी?"

"आणि रजेवर जाताना?"

"दोन माणसं जामीन राहतात. तो परत नाही आला तर त्या दोघांची रजा बंद. म्हणून तर सगळे मुकाट परत येतात."

कपडे वाळवायच्या यंत्रात घालायचे राहिले. ओलेच वर आणले.

म्हणजे दर वर्षी महिनाभर घरी यायचे, अंगणात खुर्ची टाकून बसायचे, तेव्हाही मागे दोन माणसं अडकवून आलेले असायचे. आणि मी म्हणायचे, "आणखी आठ दिवस राहा ना, काय बिघडतंय?" हे म्हणायचे, "बघू."

१८ एप्रिल

समोर बोलायचं नाही असं ठरवलं. समोर बोलणं आम्हाला जमत नाही. दुपारी फोन आला तेव्हा बोलले.

"अहो, माझा पासपोर्ट कंपनीत आहे."

हसणं बंद. मागे यंत्राची घरघर. मग, "कोण म्हणालं?"

"ते सोडा. मला का नाही सांगितलंत?"

"चार दिवसांत परत देतो म्हणाले होते. मला वाटलं, देतील." मग आवाज अगदी खाली आला. "आणि काय सांगणार होतो गं तुला? गावात सगळे फोरमनसाहेब म्हणतात. फोरमनसाहेबांना स्वतःचा पासपोर्ट बघायलासुद्धा मिळत नाही, हे सांगू?"

मी कधी रडत नाही. आजही नाही रडले. पण ओट्याला टेकून उभी राहिले.

"मला जायचंय," म्हटलं. "तुम्हाला सोडून नाही. कामावर."

"माहितीय," हे म्हणाले. "पुढच्या वर्षी माझा करार संपतो. या वेळी नवा करायचा नाही, असं ठरवलंय. आपण दोघं एकदमच जाऊ की. तेवढं थांब ना."

"तोवर माझी जागा जाईल."

"हो. तेही आहे." मग भोंगा वाजला त्यांच्याकडचा. "ठेवतो."

सहाला आले. बूट काढले. मी "चहा?" म्हटलं. "चालेल." पण आज कप घेताना माझ्या तोंडाकडे बघितलं.

२९ एप्रिल

हे मॅनेजरकडे गेले होते म्हणे. नुसतं "मागितला" म्हणाले. मी पुढे विचारलं नाही.

६ मे

काही नाही. पाणी चोवीस तास.

१२ मे, सोमवार

मनात आलं, राजीनामा फोनवरूनच कळवून टाकावा आणि मोकळं व्हावं. एक वर्ष काढता येईल की! बायका काय काय काढतात. वेल्डरीण सहा वर्षं काढते आहे, वर हसते आहे. हे रोज कामावरून येतात ते भरलेल्या घरात. आठजणांच्या खोलीतून आलेल्या माणसाला याचं काय वाटत असेल, मला कळतं. कळत नाही असं नाही.

मग डोळ्यांसमोर वर्ष उभं राहिलं. चकचकीत टेबल, काच, खाली तो रस्ता. स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या मारल्या. खालून कोणी दांड्याने ठोकलं. पाय आपटत होते वाटतं.

१९ मे

दुपारचा फोन. "केमिस्टबाई, सामान काय काय भरायचं ते ठरवून ठेवा."

"म्हणजे? देणार?"

"देणार म्हणाले. पुढच्या सोमवारी तुलाही यावं लागेल, सही लागते."

"कसे काय तयार झाले?"

"झाले. माझंही ऐकतात कधीकधी. वाटलं काय तुला!" आणि सुपरवायझरची नक्कल सुरू.

मीही हसले. किती दिवसांनी! असिस्टंटला लगेच कळवलं. ती किंचाळलीच, "खुर्ची पुसून ठेवते, मॅडम!"

२६ मे, सोमवार

ऑफिसात गेलो. तिजोरीजवळचा कारकून आपलीच भाषा बोलणारा निघाला. यांनी काही बोलू नकोस म्हणून त्याला डोळ्याने खुणावलं, ते त्याच्या उशिरा लक्षात आलं. तोवर तो बोलून गेला होता, "काकू, नशीबवान आहात. एरवी सोडतच नाहीत. काकांनी पुढच्या चार वर्षांचा करार करून दिला, तेव्हा कुठे मॅनेजर वितळला."

हे जमिनीकडे बघत होते.

मला मिळालं: पासपोर्ट एक, माझा, कोपरा दुमडलेला. कंपनीला मिळालं: यांची चार वर्षं.

पोचेवर सही माझी घेतली. मी केली.