भामाची गाठ आणि उद्याचा कौल

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून उद्याची चिंता बंद. काल प्रवचनात बुवा म्हणाले, उद्याचं ओझं देवावर टाका आणि मोकळे व्हा. ऐकताक्षणी मोकळा झालो. स्वभावच माझा तसा, एकदा ठरवलं की ठरवलं. घरी येऊन भामाला सांगितलं. ती म्हणाली, बरं. आणि पुढच्याच वाक्याला, डॉक्टरनी गाठीची तपासणी सांगितली हाय, कदी जायाचा?
तिच्या मानेवर, कानाखाली, बोराएवढी गाठ आली आहे. सुई टोचून तपासायची. दहा मिनिटांचं काम. मला अजिबात टेन्शन नाही. जेवण गेलं नाही, पण ते बोंबील खारट होते म्हणून.

३ फेब्रुवारी
दुकान उघडण्याआधी गावदेवीला गेलो. कौल लावला. दीनानाथ गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. मी विचारलं, उद्या भामाला तपासणीला नेऊ का? डावी पडली. म्हणजे नाही. देवी नाही म्हणते तिथे आपण कोण? परत येताना इतकं हलकं वाटलं की दोन वडापाव खाल्ले. श्रद्धा म्हणजे काय, ते आज कळलं.

४ फेब्रुवारी
परत डावी. बरं झालं. म्हणजे, देवीची इच्छा.
लगे हाथ आणखी तीन कौल लावले. टाइल्सचा नवा माल मागवू का, स्कूटरला नवा टायर घालू का, उद्या दाढी करू का. दीनानाथ म्हणाला, आनंदाशेठ, ही देवी हाय, चौकशीची खिडकी नाय. माणूस चांगला आहे, पण श्रद्धा कमी.

६ फेब्रुवारी
आज दोन्ही पाकळ्या चिकटूनच राहिल्या. सव्वा तास बसलो. दीनानाथने पंखा बंद केला. परवा पंखा चालू होता हे आत्ता लक्षात आलं. त्यावर विचार करायचा नाही असं ठरवलं. न पडणे म्हणजे थांबा. थांबलो.
भामाने काही विचारलं नाही. भाकऱ्या थापत होती. ती माझ्यासारखीच निश्चिंत होत चालली आहे.

९ फेब्रुवारी
उलव्याहून निशा आली. लेक शिक्षिका झाली की बापाचीही शाळा घेते. म्हणाली, बाबा, तुम्ही घाबरलाय. मी शांतपणे समजावलं की घाबरलेला माणूस असा शांतपणे समजावू शकतो का? समजावताना हातातला कप फुटला. कान आधीच सैल होता.

११ फेब्रुवारी, बुधवार
निशा सुट्टी टाकून आईला साडीखरेदीला घेऊन गेली. चार तास! घरात चिंता असती तर बायका साड्या बघत फिरल्या असत्या? माझ्या साधनेचा परिणाम.
साडी आणली नाही. पसंत पडली नाही म्हणे. भामाच्या मानेला पट्टी होती. म्हणाली, डास चावला. या डासांचं नगरपालिकेने काहीतरी केलं पाहिजे.

१४ फेब्रुवारी
नेऱ्याला पुतण्याची हळद. जाण्याचा कौल उजवा मिळाला होता. अंगणात येऊन स्कूटर काढली आणि आठवलं, परत येण्याचं विचारलंच नाही. मंदिर दुपारचं बंद. स्कूटर आत लावली. सगळे गेले.
घरात एकटा. चहा करावा म्हटलं, तर साखरेचा डबा कुठे असतो ते माहीत नाही. एकतीस वर्षांत कधी गरजच पडली नाही. ही नसली तर, असा विचार आला. गॅसमुळे असणार. सोडा प्यायलो. गेला नाही.
गेले दहाबारा दिवस मी विचारल्याशिवाय पाऊल उचललेलं नाही. दाढीसुद्धा कौल डावा म्हणून वाढली आहे. निश्चिंत माणसाला इतकं कोंडल्यासारखं का वाटावं?

१९ फेब्रुवारी
हल्ली माझ्यासमोर उद्याबद्दल कोणी बोलतच नाही. मी स्वयंपाकघरात शिरलो की भामा फोन ठेवते. काल चक्क गुणगुणत होती. सगळं घर माझ्या मार्गावर आलं.
कौल डावाच. दीनानाथ माझ्याकडे बघत नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार
उजवी पडली!! चपला मंदिरातच विसरलो, पण ते आनंदाने. धावत घरी आलो. भामा सुका जवळा निवडत होती. म्हटलं, तयारीला लाग, उद्या दहाला जायचं, देवीने हो म्हटलंय.
तिने मान वर केली नाही. म्हणाली, झाली तपासणी. अकरा तारखेला, निशाबरोबर. रिपोर्ट सतराला आला. साधी गाठ हाय, गोळ्या चालू हायत, निम्मी बसलीसुद्धा. अठराला देवीला नारळ फोडून आले. दीनानाथलाही सांगितला.
म्हणजे पाच दिवस तो माणूस माझ्यासाठी नुसत्याच पाकळ्या चिकटवत होता.
मी तडकलो. म्हटलं, मला सांगायचं नाही? जीव टांगणीला लागला होता माझा! बोलून गेलो.
ती म्हणाली, माझा नव्हता? तुमी तीन आठवडे देवीला इचारलंत. दुखतंय का, असा मना एकदा तरी इचारलंत?
दुकानात जाऊन बसलो. दोन गिऱ्हाइकं आली, गेली. काय मागत होती आठवत नाही.

२४ फेब्रुवारी
मंदिरात गेलो नाही. सकाळी ओट्यापाशी जाऊन विचारलं, दुखतंय का.
म्हणाली, आता नाय. सुई टोचली तवा दुखलं. निशाचा हात घट्ट धरला व्हता मी.
मी शेगडीच्या वाटेतच उभा होतो. ती म्हणाली, सरका, जवळा करपेल.