खारट बेरी

एडिंबरो,
ता. ९ मार्च १९३१

ती. आईस,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहिते. आम्ही दोघंही खुशाल आहोत. सोलापुरात ऊन तापलं असेल, दुपारची बाहेर पडू नकोस.

काल घरमालकीणबाईंनी मला केक शिकवायला घेतला. बाटलीतली साय त्यांनी विरजण न लावताच फेटली. मला तर ते बघवेना की! मला दिलेलं विकतचं लोणी मी सवयीनं कढवलं. बाईंनी कपाळाला हात लावला. केकला म्हणे लोणी कच्चंच लागतं. तुपाचा केक विटेसारखा झाला, पण घरभर तुझ्या स्वयंपाकघराचा वास सुटला.

भांड्याच्या तळाशी बेरी राहिली. साखर घातली, तरी खारटच लागली. मी रडले असं समजू नकोस, इथल्या लोण्यातच मीठ असतं.

बेरीची वाटी मथूसाठी झाकून ठेवली आणि मग आठवलं, लेक तर तुझ्यापाशी आहे.

तू तूप कढवायला घेतलंस की ती अजून मला हाका मारते का? की आता तुझ्याकडंच बेरी मागते? तसं असेल तर चांगलंच आहे. पण मला कळवू नकोस.

तुझी,
गोदू