निरोप इतका छान झाला की सगळ्याच निघाल्या

चि. धाकटीस थोरलीचा आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते. नसली तर हे पत्र आधी उशाखाली ठेव आणि बरं वाटल्यावर वाच, कारण लांबणार आहे. तुझ्या ह्यांचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना उतरताना कठड्याला धरा, कठडा त्याचसाठी असतो. मी मजेत आहे. मागच्या आठवड्यात एक दाढ काढली. (डॉक्टर हाताचा हलका होता, पण काढलेली दाढ मला दाखवली नाही, याचं वाईट वाटलं. माझीच होती.)

तर बातमी अशी की चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला काम लागलं आहे. नात ऑफिस सोडून माझ्या मागच्या खोलीत राहायला आली, हे तुला माहीत आहे. त्या ऑफिसात असताना पोरगी घरी आली की बूट न काढता पलंगावर बसायची आणि भिंतीकडे बघायची. आता तिने जुने कपडे नीट करणाऱ्यांचा गट काढला आहे. दरमहा पैसे भरून सभासद व्हायचं आणि बुधवारी चार वाजता सगळ्यांनी आपापल्या घरी फोनसमोर सुईदोरा घेऊन बसायचं. नात रफू शिकवते, चेन बदलायला शिकवते. मी विचारलं, अगं, स्वतःचं फाटकं स्वतः शिवायचं आणि वर पैसे भरायचे, असं कोण करेल? ती म्हणाली, आजी, लोक शिकायचे पैसे देत नाहीत, सोबतीचे देतात. म्हणजे मी जन्मभर जिन्यात उभी राहून सोबत फुकटच वाटली म्हणायचं.

शेहेचाळीस सभासद झाले. पण नातीने भिंतीवर कागद लावून ठेवलाय, की महिनाअखेर चाळीसच्या खाली आलो तर गट बंद आणि पुन्हा तेच ऑफिस. साहेबाचा फोनही येऊन गेला. मी उचलला होता. आवाजावरून माणूस नीट जेवत नसावा.

माझ्याकडे स्वागताचं खातं दिलं. नवीन कोणी आलं की दोन शब्द बोलायचे. आता दोन शब्दांत काय होतं? मी माहेर, सासर, मुलं, नवरा काय करतो, दुखणं काय, एवढंच विचारते. पहिल्या बुधवारी तिघींचं स्वागत झालं आणि वेळ संपली, सुया ओवायच्या राहिल्या. पण कोणी तक्रार केली नाही. एक सभासद मात्र कधीच बोलायचे नाहीत, फोनमध्ये त्यांच्या जागी नुसता काळा चौकोन. नात म्हणाली, गप्प बसणारे प्रत्येक गटात असतात, त्यांना त्रास द्यायचा नसतो. आता आपल्याकडे कोणी यावं आणि पडद्यामागे बसावं, तर विचारायचं नाही? मी फोन केला. निवृत्त कॅशियर निघाले. शिवणाचा काही संबंध नाही, म्हणाले, एकटाच असतो, बुधवारी चहा घेताना बायकांचं बोलणं कानावर पडलं की बरं वाटतं. मी म्हटलं, मग बटण तरी लावा. आता लावतात. उलट्या बाजूने लावतात, पण लावतात.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग सभासदांतल्या एका शाळेतल्या बाईंनी कळवलं की पुढच्या महिन्यापासून मी नसेन. नात म्हणाली, चालायचंच, एक जातं, एक येतं. पण आलेल्या माणसाला दारापर्यंत सोडायला जायची आपली रीत. मी बुधवारी त्यांना निरोप दिला. त्यांच्या हाताची सफाई, त्यांचा सोशिक स्वभाव, तिन्ही मुलींना एकटीने कसं वाढवलं, सगळं बोलले. प्रत्येकीला त्यांच्याबद्दल एकेक चांगलं सांगायला लावलं. कॅशियरसुद्धा बोलले. बाई इतक्या रडल्या की चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, घरात तीस वर्षांत असं कोणी बोललं नाही.

दुसऱ्या आठवड्यात चौघींनी सभासदत्व सोडलं.

मला वाटलं, हवामान. चौघींनाही यथासांग निरोप दिला. (एकीबद्दल चांगलं आठवेना, तर तिच्या पडद्यांची स्तुती केली.) त्यानंतर आणखी तिघी निघाल्या, आणि त्यातली एक तर येऊन पंधराच दिवस झाले होते. तिने आदल्या दिवशी मला फोन करून विचारलं, माझ्याबद्दल काय बोलणार आहात? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

नात मशीनवर डोकं टेकून बसली होती. म्हणाली, "आजी, तू जाणाऱ्यांचं इतकं कौतुक करतेस, की राहणाऱ्यांना वाटतं आपण काय पाप केलंय." रागावली नाही. रागावली असती तर बरं होतं, कारण मग ती भिंतीकडे बघत बसली.

तेव्हापासून मी निरोप बंद केले आणि राहणाऱ्यांचं कौतुक सुरू केलं. दर बुधवारी एकीचं, आणि यादीत आपला नंबर कधी ते कोणाला सांगत नाही. गळती थांबली. शाळेतल्या बाईही परत आल्या. म्हणाल्या, एकदा रडून घरी बसल्यावर पुढे काय करायचं ते सुचेना. त्यांना धरून एकोणचाळीस झाले.

बाकी इकडे सर्व क्षेम. जिन्यातला दिवा अजून लागत नाही. आपली जपून राहा.

तुझी थोरली

ता. क. एकोणचाळीस म्हणजे चाळीसला एक कमी. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून तू घर चालवलंस, तुला शिकायला काही उरलेलं नाही, आणि पैसे भरून शिवण शिकणाऱ्यांना तू काय म्हणतेस तेही मला ठाऊक आहे. तरी नाव घाल. काळा चौकोन ठेवलास तरी चालेल.

आणखी एक. मी सगळ्यांना सांगून बसले आहे, की माझी बहीण फार मोठी शिवणकाम करणारी, आणि तिला काजं करायला मी शिकवली. खरं कसं होतं ते तुला माहीत आहे आणि मलाही. महिनाअखेरपर्यंत बोलू नकोस.

शेवटचं. पाकीट चिकटवता चिकटवता नातीने येऊन सांगितलं, की कॅशियरांनी शेजारच्या गृहस्थांचं नाव घातलं. चाळीस झाले. पोरगी स्वयंपाकघरात गुणगुणते आहे. म्हणजे आता तुझी तशी गरज उरलेली नाही. तरी बुधवारी चार वाजता ये. काजं कोणी कोणाला शिकवली ते मी स्वतः सगळ्यांसमोर सांगेन. फक्त मी सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नकोस, कारण तू मध्ये बोललीस की मला खरं सांगायचा कंटाळा येतो.