मताला धाडलेली गाडी

जव्हार, रविवार, ११ जानेवारी

भाऊ,

फार वर्षांनी लिहिते आहे, त्याबद्दल आधी माफी मागते. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी वहीत दोन-तीनदा तुम्हाला लिहायला घेतलं होतं, पण प्रत्येक वेळी त्याचं भांडण होत गेलं आणि मी थांबले. गेलेल्या माणसाशी काय भांडायचं, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे त्या भांडणात माझी बाजू तितकीशी बरोबर नाही असं वाटायला लागलं होतं. आज लिहायचं कारण असं की परवा संध्याकाळी पक्षाची चार माणसं घरी आली होती. जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आहे. आपला गट या वेळी आदिवासी महिलेसाठी राखीव झालाय आणि त्यांना मी उभी राहायला हवी आहे. उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे.

"ताई, तुम्हाला काहीच करायचं नाही," त्यांच्यातला थोराड होता तो म्हणाला. "फक्त उभं राहायचं. बाकी आम्ही आहोत." आई पलीकडे बसून वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "ह्यांना पण असंच सांगितलं होतं. उभे राहिले ते पुन्हा घरात बसलेच नाहीत." सगळे हसले. दुसरा एक तिशीतला मुलगा म्हणाला, "भाऊंचं नाव अजून चालतं हो." तुम्ही निवडून आलात तेव्हा तो जन्मलाही नसेल. पण त्यानं 'भाऊ' म्हटलं ते अगदी घरच्यासारखं. मला ते पूर्वीसारखंच खटकलं. सगळा तालुका तुम्हाला भाऊ म्हणायचा म्हणून आम्हीही भाऊच म्हणत आलो. बाकीच्या पोरांना बाबा होते, दादा होते. आमच्याकडे तुमच्यासाठी आमचा असा वेगळा शब्दच नव्हता.

पहिल्यांदा पडलात तेव्हा मी फार लहान होते. त्या निवडणुकीसाठी तुम्ही मास्तरकी सोडलीत, एवढंच आईकडून ऐकून माहीत. दुसऱ्या निवडणुकीत निवडून आलात तेव्हा तिसरीत होते. त्या दिवशी कुणीतरी मला खांद्यावर घेतलं आणि माझ्या फ्रॉकवर गुलाल पडला म्हणून मी रडले. पहिलं वर्षभर तुमच्याकडे गाडी नव्हती. जव्हारच्या डेपोतून मोखाड्याच्या एसटीत बसायचं, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, जिथे खिडकीवर 'आमदार' असं रंगवलेलं असतं तिथे. सुट्टीत मला न्यायचात. बाकीच्या गाड्यांत त्या जागेवर कोंबड्यांची टोपली नाहीतर कंडक्टरची पेटी असायची, आपल्या गाडीत खरोखरचा आमदार असायचा. प्रत्येक थांब्यावर कुणीतरी चढायचं आणि दांड्याला धरून तुमच्यावर ओणवं व्हायचं. "भाऊ, तुना माझा दाखला केलास का नाय?" तुम्हाला कुणी 'तुम्ही' म्हणत नसे. तुम्हाला 'तुम्ही' म्हणणारी फक्त आम्ही घरातली आणि तहसील कचेरीतली माणसं. घरी सकाळी सहापासून चहाचं पातेलं चुलीवरून उतरत नसे. आई म्हणायची, "दूध मतदारांनी संपवलं, पोरींनो, तुम्ही कोरा घ्या. तुम्हाला अजून मत नाही." मला कोरा चहाच आवडतो, आजही. ती सवय आहे की आवड, ते आता ठरवता येत नाही.

पोशेऱ्याच्या वरच्या पाड्याचा रस्ता हे तुमचं मोठं काम. त्या पाड्यावर मी तुमच्याबरोबर चालत गेले आहे. चढ संपता संपत नाही. अडलेल्या बाईला झोळी करून खाली आणताना ती अर्ध्या वाटेतच बाळंत झाली होती. ते तुम्ही विधानसभेत सांगितलंत, आणि सांगताना आवाज चढला म्हणून तुम्हाला खाली बसवलं, असं आईला सांगत होतात. चार वर्षं त्या एका रस्त्यामागे होतात. झाला तेव्हा नारळ तुम्ही फोडला नाहीत. पाड्यावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या हातात दिलात. तिला तो फुटेना, मग सगळे हसत होते आणि तीही हसत होती. मी तुम्हाला इतकं खुशीत पुन्हा कधी पाहिलं नाही.

मग तिसरी निवडणूक. मी आठवीत आहे. थंडी आहे. मतदानाच्या दिवशी दुपारी तुम्ही मला जीपमध्ये घालून वरच्या पाड्यावर नेता, कारण तिथून कुणीच मतदानाला उतरलेलं नाही. जीप थेट अंगणापर्यंत जाते. दारं सुतळीनं बांधलेली. कोंबड्यासुद्धा नाहीत, त्याही बरोबर नेल्या आहेत. एका ओट्यावर एक म्हातारा शेकत बसलाय. तो म्हणतो, "भाऊ, तुझा रस्ता लय ब्येस झाला बघ. मुकादमाची गाडी पार इथवर आली. पयलं बोचकी डोक्यावर घेऊन उतराया लागायचं, समदं आवरून जायाला महिना जायाचा. अवंदा एका सकाळीत भरून गेली समदी." मुकादमानं दिलेल्या आगाऊ उचलीवर सगळा पाडा भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर गेला होता. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो तुमचे आभार मानत होता. तुम्ही "बरं झालं" म्हणालात आणि त्याच्या शेजारी शेकत बसलात. मला वाटलं आपण लगेच निघू, पण तुम्ही बराच वेळ बसून होतात. जीपमध्ये कार्यकर्ता म्हणाला, "भाऊ, मी दिवाळीपासून सांगत होतो, भट्टीवर ट्रक धाड." तुम्ही म्हणालात, "एका मतापायी शेठ त्यांचा आठवडा कापेल. राहू दे." जेवढ्या मतांनी पडलात तेवढी त्या वरच्या पाड्यांतच होती, असं तुमचे कार्यकर्ते पुढे वर्षभर म्हणत राहिले.

इथवरचे भाऊ मला समजतात. नंतरचे समजले नाहीत. पुढच्या वेळी तिकीट कापलं गेलं आणि तुम्ही अपक्ष उभे राहिलात. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. या वेळी तुम्ही ट्रक धाडलेत. नियमात बसत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, मलाही होतं. शाळेच्या आवारात ट्रक थांबला आणि माणसं उतरली, केसांत विटांची धूळ, कडेवर पोरं. तुम्ही हात जोडून उभे होतात. एक बाई तुमच्या अगदी समोर आली. वरच्या पाड्यावरचीच.

"मताला गाडी धाडलीस, भाऊ. ब्येस केलंस. गेल्या साली माझी पोर भट्टीवर तापानं पडली, तवा ही गाडी कुठं होती रं?"

"मला कळवलं असतंस तर…"

"कुनाच्या हाती कळवू? तू हितं, आमी तिथं."

"कशी आहे आता पोर?"

"ऱ्हायली तिथंच. भट्टीच्या मागं पुरली."

एवढं बोलून ती रांगेत जाऊन उभी राहिली. रागावलेली नव्हती. तिनं मत कुणाला दिलं, मला माहीत नाही. तुम्ही त्यानंतर एकाही केंद्रावर गेला नाहीत. शाळेमागच्या हापशीवर तोंड धुतलंत, पुसलंत, पुन्हा धुतलंत.

डिपॉझिट गेलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी जेवताना मी तुम्हाला म्हणाले, "पडणार हे ठाऊक होतं, तरी उभे राहिलात. तुम्हाला खुर्चीची चटक लागली आहे." आईनं "अगं" म्हटलं. तुम्ही भाकरी मोडत होतात. म्हणालात, "चटक तर आहेच. खुर्चीची नाही वाटत मला. कुणीतरी हाक मारावी, आपल्याशिवाय त्याचं अडावं, त्याची आहे." मी म्हटलं, "म्हणजे तेच." तुम्ही म्हणालात, "तेच असेल." मग आमटी मागितलीत. मी वाढली नाही, आईनं वाढली.

त्यानंतर दोनच वर्षं तुम्ही होतात. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा वनजमिनीचा कागद घेऊन कचेऱ्यांत जायचात. ज्या साहेबांना पूर्वी तुमचा फोन गेला की उठून उभं राहावं लागे, त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर तुम्ही बसलेले मी कॉलेजातून येताना पाहायचे. कधी हाक मारली नाही. मला वाटायचं, तिथे बसलेलं कुणी पाहिलेलं तुम्हाला नको असेल. आता वाटतं, मी हाक मारली असती तर चाललं असतं. तुम्हीच तर सांगितलं होतंत तुम्हाला काय हवं असतं ते.

मी आता ज्युनियर कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवते. दिवाळीनंतर अकरावीच्या वर्गातली निम्मी बाकं अजूनही रिकामी होतात, जामसरची पोरं जातात, मोखाड्याकडची जातात. रस्ते आता सगळीकडे आहेत. दरवर्षी हजेरी घेताना मला त्या बाईची आठवण येते आणि वाटतं, कुणीतरी भट्टीवरच्या दवाखान्याचं, तिथल्या पोरांच्या शाळेचं नीट बघायला पाहिजे. उभं राहायचं तर यासाठी, असं मी परवापासून स्वतःला सांगते आहे. ते खोटं नाही. पण तेवढंच खरं नाही. ती माणसं आली तेव्हा मी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आले आणि चौघेही उठून उभे राहिले. "या ताई," म्हणाले, माझ्याच घरात. मला ते आवडलं. ते गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन "माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो" असं अगदी हळू म्हणून पाहिलं. बाहेरून आई म्हणाली, "जरा मोठ्यानं. मागच्यांना ऐकू जात नाही."

मी तिला विचारलं, उभी राहू का? ती म्हणाली, "मला नको विचारू. मी त्यांनाही कधी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. पातेलं तेवढं मोठं आण, आधीचं गळतंय."

एक गोष्ट मात्र आईलाही सांगितलेली नाही. त्या चौघांना मी विचारलं होतं, पाडे तर आत्ता ओस आहेत, मतदान कोण करणार? थोराड माणूस म्हणाला, "गाड्या लावू ना, ताई. त्याचं टेन्शन तुम्ही घेऊ नका." ती गाडी मी डोळ्यांनी पाहिली आहे. तुम्हाला त्या बाईनं काय विचारलं ते मी शब्दन् शब्द ऐकलं आहे. माझ्या तोंडून 'नको' एवढा एक शब्द जायला हवा होता. मी म्हणाले, "बघू." दोन दिवस मी तो शब्द वहीत लिहिण्याचं टाळलं. आज तुम्हाला लिहिला, कारण तुम्ही आमटी मागाल तशा आवाजात "तेच असेल" म्हणाल आणि मला ओरडणार नाही. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं, भाऊ. तेव्हाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. वहीतच राहील.

उद्या: कॉलेजला जायच्या आधी जात वैधता प्रमाणपत्राची प्रत काढून घेणे. उमेदवारी अर्जाला जोडावी लागते.