दुष्काळाच्या सिनेमाला बटाटेवडे

शनिवार, १५ मार्च. अल्फारेटा, अमेरिका

...आणि डबा मी पायाने खुर्चीखाली ढकलला. पडद्यावर आयर्लंडचा दुष्काळ, शेतात कुजलेले बटाटे. डब्यात आमच्या मराठी मंडळातल्या शैलाकाकूंचे साठ बटाटेवडे. काकू कुजबुजल्या, "अगं, आधी सांगायचंस! पोहे केले असते."

मला का सुचलं नाही? डोक्यात एकच होतं. आज पंचवीस माणसं जमली नाहीत, तर लायब्ररी ही आयरिश सिनेमांची मालिका बंद करणार. म्हणून मंडळातल्या सगळ्यांना ओढून आणलं. आपल्या लोकांना बोलवायचं म्हणजे खायला हवंच.

सिनेमा संपला. हॉलभर वड्यांचा वास. मालिका चालवणाऱ्या मोइरा आजी सरळ माझ्याकडे आल्या. "काय आहे त्यात?"

"बटाटा," मी म्हटलं. "सॉरी."

त्यांनी झाकण उघडलं, एक वडा खाल्ला, दुसरा उचलला. "बटाटा मिळेना म्हणून माझे पणजोबा इथे आले. समोर आलेला मी परत पाठवू?"

मग डबा हातोहात फिरला. तासभर कोणी घरी जाईना. मी माणसं दोनदा मोजली. एक्केचाळीस! जिंकलो.

रविवार, सकाळ. लायब्ररीची मेल आली. मालिकेला हॉल वर्षभर मिळाला.